बाईंचा उजवा पाय

आमच्या बाईंना बेताल काहीही खपत नसे. कुकरची शिट्टी अवेळी झाली तरी म्हणायच्या, "आली मध्येच तडमडायला!" पुण्यात कथक शिकवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं, आणि त्यांची बोलणी खाण्यात माझं निम्मं.

रिक्षातून उतरताना त्यांच्या उजव्या पावलाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, एक्स-रे चांगला आला, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" बाई म्हणाल्या, "अहो, आमचा हिशेब सोळा मात्रांचा. सोळापैकी विचारा." डॉक्टर हसले, बाई हसल्या नाहीत. घरी येताना मला हळूच म्हणाल्या, "नाचताच आलं नाही तर मी काय करू गं?" इतकी वर्षं मी त्यांना घाबरत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यासाठी घाबरले.

क्लास मात्र बंद नाही. कलत्या दुपारचं ऊन फरशीवर पसरलेलं असायचं. बाई खुर्चीत, पाय कोमट मिठाच्या पाण्याच्या टबात. डोळे मिटून, हातावर टाळी देत त्या बोल म्हणायच्या. त्या आवाजात आम्ही नाचत होतो की तरंगत होतो, कोण जाणे. मिटल्या डोळ्यांआड त्याही नाचत असणार, कारण पाण्यात त्यांची बोटं हलायची. मग ठणका उठायचा, कपाळावर आठी यायची, पण लय सुटायची नाही. म्हणायच्या, "त्या दुखण्याला म्हणावं, बस कोपऱ्यात. क्लास चालू आहे."

चालण्याचा व्यायाम म्हणून संध्याकाळी आम्ही मंडईकडे जायचो. एकदा मी त्यांच्या मागून चालले होते. कोथिंबिरीचा वास, विक्रेत्यांच्या आरोळ्या, आणि त्या सगळ्याखाली बाईंच्या चपलांचा आवाज. ऐकता ऐकता माझी तंद्रीच लागली. आणि एकदम लक्षात आलं, अगं बाई, हा तर तीनताल! ताल जिथून सुरू होतो त्या प्रत्येक समेला उजवा पाय पडत होता, आणि तोही जोरात.

"बाई, तुम्ही समेवर दुखरा पाय आपटताय!"

"मग काय मध्येच कुठेतरी आपटू?" त्या फणकारल्या. आणि भेंडीच्या ढिगापाशी थबकल्याच. पहिला पाय उजवा, हे त्यांनीच आम्हाला कान पिळून शिकवलं होतं.

फिजिओथेरपिस्टनं सांगितलं, बेताल चाला. बाईंना हे दुखण्याहून अवघड. त्यांची मात्रा चुकावी म्हणून मी वाटेत मुद्दाम काहीबाही बडबडायची. "किती फालतू बोलतेस गं," त्या माझा हात घट्ट धरून म्हणायच्या, "बोलत राहा." हळूहळू ठणका उतरला. पुरता मात्र बाई जाईपर्यंत गेला नाही.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मुली घरी गेल्यावर बाई उठल्या, पदर खोचला. घुंगरू नाहीत, तबला नाही. त्यांनी डावा पाय आधी टाकला आणि नाचायला लागल्या. सम डाव्या पायावर! आम्हाला जन्मभर ज्या चुकीसाठी झापलं, तीच चूक त्या जाणूनबुजून करत होत्या. उजवं पाऊल निजलेल्या बाळाशेजारी टेकवावं तसं हळूच टेकत होतं. असं सुंदर नाचताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मला रडू आवरेना.

बाई न थांबता म्हणाल्या, "दुखतंय मला, आणि रडतेस तू? टाळी दे."

मी रडत रडतच टाळी दिली.