पलंगावरचं प्लास्टिक

आज नवा पलंग घरी आला. त्याच्या प्लास्टिकचा वास आला आणि मी उगाच येरझाऱ्या घालायला लागले.

पेणकरपाड्यात आमचं फर्निचरचं दुकान होतं, मागच्याच खोलीत आम्ही राहायचो. घरातलं सगळं विकाऊ, म्हणून पलंगावरचं प्लास्टिक कधी काढायचं नाही. कूस बदलली की ते करकरायचं. एकदा शाळेतून आले, तर रत्नागिरीहून नवीनच आलेलं जोडपं माझा पलंग टेम्पोत चढवत होतं.

"पप्पा, तो माझा आहे!"

"अगं, त्यांचा पहिलाच पलंग आहे. तुला दुसरा देतो ना."

ती बाई टेम्पोतच प्लास्टिक टराटरा फाडायला लागली. तेव्हा वाटला होता तो राग. आज कळतंय, हेवा होता.

नवरा कात्री घेऊन आलाय. "काढू ना?"

"थांब जरा," मी म्हणते. "कुणी न्यायला आलं तर?"