आक्काची लाल टाकी

"मामा, आई गेली." लातूरहून भाच्याचा, बाळूचा फोन आला तेव्हा रडण्याआधी मी इकडून, नांदेडहून, पहिला प्रश्न विचारला, "गिझर फुटला का?" "न्हाई ओ, झोपीतच गेली." तरी मला खरं वाटेना. माझी ही थोरली बहीण, आक्का, साध्या गोष्टीवरही विश्वास ठेवायची नाही आणि मलाही ठेवू द्यायची नाही...

हा संशय तिला भूकंपानं दिला. आधीच्या धक्क्यांनी भिंतीला पडलेली भेग घरच्यांनी माती लिंपून झाकली, आणि मोठ्या धक्क्यात तीच भिंत सासूवर आली. मग आक्का गाव सोडून लातुरात आली. पुढं क्लासेसचं पेव फुटलं, तशा तिनं वरच्या खोल्या शिकायला आलेल्या मुलींना दिल्या. त्यांच्यासाठी मोठा गिझर आला, पाण्याला जोर यावा म्हणून पंप आला आणि पाणी मागं फिरू नये म्हणून पाइपात झडपही बसली. लगेच गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टपकू लागला. टँकरची वाट बघणाऱ्या लातुरात थेंब वाया घालवणं म्हणजे पापच! बाळूनं व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारलं. सगळे खूश. आक्का मात्र गिझरकडं टक लावून बसली. "टपकायचं थांबलं. मग ते पाणी गेलं कुठं रे?"

तिनं बटणच बंद केलं. गार पाण्यानं अंघोळ करावी लागली म्हणून मुलींनी घर डोक्यावर घेतलं, पण मेकॅनिक येईपर्यंत ही हलली नाही. त्यानं सांगितलं, पाणी तापलं की फुगतं. झडपेमुळं ते मागं जाऊ शकत नाही, बुचामुळं बाहेर पडू शकत नाही; मग गिझरच फुटायचा. त्यानं बूच काढलं आणि पाइपाला एक छोटी लाल टाकी जोडली. आत रबराचा पडदा, पलीकडं हवा. फुगलेलं पाणी तिथं सरकायचं. तेव्हापासून आक्का रोज सकाळी बोटाच्या पेरानं ती टाकी ठोकायची. हवेची बाजू पोकळ वाजली की म्हणायची, "हाव, करा आता अंघोळी."

परवा तिच्या महिन्याच्या विधीला लातूरला गेलो, तेव्हा हात आपोआप टाकीकडं गेला. ठोकली... बद्द आवाज आला. म्हणजे पडदा फाटून आत पाणीच भरलेलं. मग व्हॉल्व्ह टपकायला हवा होता. तो तर कोरडा! चाचपून पाहिलं. नवं बूच.

"आई गेल्यावर परत गळू लागला होता, मामा," बाळू म्हणाला. "पाणी वाया जाऊन राहिलं होतं."

मला त्याचा भयंकर राग आला, आणि तितकीच आक्काची आठवण आली. मी बटण बंद केलं. थोड्या वेळानं वरून एक मुलगी ओरडली, "काका, पाणी गार का येऊन राहिलंय? गिझर कुणी बंद केला?"

"आक्कानं," मी म्हणालो.