हौसाक्कांच्या ट्रंकेची किल्ली

"या आज्जींना तुम्हीच समजवा. चोरून गूळ खातात," मॅनेजरबाई मला म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर हौसाक्कांच्या ट्रंकेची किल्ली पडली होती.

राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. महिन्यातून एकदा मी या वृद्धाश्रमात जाऊन औषधांची एक्सपायरी, म्हणजे मुदत, तपासतो. हौसाक्का कोडोलीच्या, ऐंशीच्या पुढच्या. इन्सुलिन चालू असूनही तीन आठवडे त्यांची शुगर उतरत नव्हती. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला. मग इथल्या लोकांनी त्यांची ट्रंक उचकली, लुगड्यांच्या घड्या विस्कटल्या. गुळाचा खडासुद्धा सापडला नाही. तरी किल्ली काढून घेतली.

"भाच्यानं गूळ आणलाता, व्हय. पर त्यो सगळ्यास्नी वाटला की," हौसाक्का म्हणाल्या. "ह्या वयात मला चोर ठरवत्यात!"

मला फार वाईट वाटलं. रागही आला.

"इन्सुलिन दाखवा," मी म्हणालो. औषधं देणाऱ्या सुरेखाबाईंनी बाटली आणली. मुदत अजून वर्षभर होती. मागच्या महिन्यात मीच खोक्यावरची तारीख बघून रजिस्टरात 'ओके' लिहिलं होतं. बाटली तळव्यांत घोळवली. हे इन्सुलिन घोळवल्यावर दुधासारखं एकसारखं दिसायला हवं. इथं काचेला पांढरे कण चिकटले होते.

"हे ठेवता कुठं?"

"फ्रिजमधी. पार मागं, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून. उन्हाळ्यात लाईट जाती न्हवं, सर? खराब व्हाय नको म्हणून."

बाईंनी जिवापाड जपलं होतं, आणि तिथंच घात झाला. इन्सुलिन एकदा गोठलं की कामातून जातं. नंतर वितळलं तरी उपयोग नाही.

लगेच नवी बाटली देऊनही चाललं नसतं. वाढवलेल्या डोसात चांगलं औषध गेलं असतं, तर शुगर एकदम घसरून म्हातारी बेशुद्ध पडली असती. आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस कमी करून दिला. मग नवी बाटली आणून मी मधल्या कप्प्यात ठेवली.

आठवड्याभरात शुगर उतरली. सुरेखाबाई रडवेल्या झाल्या. "आक्का, चुकलं माझं."

"तू जपाय गेलीस गं. तुझं काय न्हाय." हौसाक्कांनी मॅनेजरबाईंपुढं हात पसरला. "किल्ली आणा हिकडं."

रजिस्टरात तारखेशेजारी मी आता 'कुठं ठेवलंय' असा रकाना आखलाय. मागच्या महिन्यात मी फ्रिज नीट उघडून बघितला असता, तर आक्कांची ट्रंक कुणी उघडली नसती.