सरूबाईंचा काकडा

हे पांडुरंगा, ज्या कंठात तू वास केलास तो कंठ आम्हांला जपता यावा, एवढे तुझ्याकडे मागून दिघीच्या सुमनताईंची गोष्ट सांगतो.

चाकणच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेल्या ताईंच्या फोनवर ‘जागा संपली’ अशी सूचना झळकली. नातवाचे फोटो क्लाउडवर चढेनात. तिथे त्यांच्या महिला भजनी मंडळाचे सामायिक फोल्डर होते. पहाटेच्या काकड्याची ध्वनिमुद्रणे साऱ्याजणी त्यातच ठेवत. ‘मंडळाकडे आहेतच की,’ असे म्हणत ताईंनी ती सगळी पुसली.

थोड्याच वेळात मंडळातल्या अंजलीचा फोन आला.

“ताई, फोल्डर रिकामं झालंय! सरूबाईंचा आवाजही गेला!”

मंडळाला गाणे शिकवणाऱ्या सरूबाई गेल्या वर्षीच वैकुंठवासी झाल्या होत्या. त्यांचा आवाज तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता. ताईंनी घाईने सुनेला हाक मारली. सून करिष्माने फोन घेतला, क्लाउडची कचरापेटी उघडली आणि सारे परत आणले.

“पण गाणी मंडळाची, मग जागा माझी का खाल्ली?”

“आई, पंगत एक असली तरी पान प्रत्येकाचं वेगळं वाढतात ना? तसं इथे सामायिक फोल्डर प्रत्येकाच्या जागेत मोजतात. त्यातलं पुसलं की सगळ्यांचंच जातं. जागा हवी तर आपण फोल्डरमधून बाहेर पडायचं.”

“म्हणजे भरल्या पंगतीतून उठू?”

“उठा, पण प्रसाद घेऊन!”

सरूबाईंचा तेवढा काकडा वेगळा उतरवून घेतला आणि मगच ताई बाहेर पडल्या. नातवाचे फोटो चढले.

विठ्ठला, या सासू-सुनेचा सूर असाच जुळलेला राहो आणि त्यांच्या घरात तुझे नाम अखंड नांदो!