नाहीबाई आणि लेकीचं घड्याळ

एका सोमवारी ऑफिसातून गिऱ्हाइकांना चक्क उद्याच्या तारखेची बिलं गेली. हा चमत्कार बिलकाकांच्या हातून घडला. बिलं काढायचे म्हणून बिलकाका. त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी परदेशात. तिकडे दिवस आपल्यापेक्षा बराच आधी उजाडतो. काकी गेल्या आणि काकांनी कॉम्प्युटरचं घड्याळच लेकीच्या वेळेवर लावून टाकलं. मान वर केली की कळायचं, आता पोर जेवली असेल, आता निजली असेल. एरवी बिलं दुपारच्या आत निघत. त्या सोमवारी बिलांना संध्याकाळ झाली आणि लेकीकडे मंगळवार लागला, एवढंच.

साहेब कडाडले. लगोलग ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाई टेबलाटेबलावर फिरल्या आणि त्यांनी सगळ्यांचे सेटिंग बदलायचे अधिकार काढून घेतले. कशालाही हात लावा, कॉम्प्युटर बाईंचा पासवर्ड मागू लागला. जो तो बाईंना विनवू लागला.

"मॅडम, नातवाचा फोटो तरी राहू द्या पडद्यावर!"

"नाही."

"अहो, हा निळा रंग डोळ्यांत घुसतो!"

"नाही."

संध्याकाळपर्यंत त्यांची नाहीबाई झाली. हे नावही काकांनीच शोधलं, आणि त्यावर हसलेही तेच सगळ्यांत जास्त.

बाई बदली होऊन आलेल्या, मागेपुढे कुणी नाही. बसायच्या जिन्याखालच्या खोलीत. तिथला एसी ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या लाडासाठी. बाई मात्र भर उन्हाळ्यात स्वेटर घालून. पूर्वी कुणाचं काही अडलं की हाक यायची, काम झालं की चहा, चहाबरोबर चार गप्पा. आता कुणाला काही बिघडवताच येईना, त्यामुळे हाकही येईना. कॅन्टीनमध्ये त्या शिरल्या की लोक हसणं घासाबरोबर गिळत. मग त्यांनी डबा खोलीतच खायला सुरुवात केली.

इकडे घड्याळ इथल्या वेळेवर आलेलं, त्यामुळे काका मनातल्या मनात तास मिळवत बसत. एकदा हिशेब चुकला आणि त्यांनी लेकीला ऐन मध्यरात्री उठवलं. "बाबा, काय झालं? बरे आहात ना?" त्यानंतर काकांचा फोनला हातच लागेना.

शेवटी एका दुपारी ते जिन्याखाली गेले. खोलीत खुर्ची एकच. बाई डबा सोडून उभ्या राहिल्या.

"मॅडम, घड्याळ हवंय. लेकीचं."

"बिलं विसरलात?"

"ती कोण विसरू देतंय! पण परवा वेळ चुकली, पोर झोपेतून घाबरून उठली. आता फोन लावायचीच भीती वाटते."

बाईंनी डबा झाकला आणि त्या काकांच्या टेबलापाशी आल्या. जेवणाची सुट्टी, हॉल रिकामा. बाई पासवर्ड घालू लागल्या तसं काकांनी सभ्य माणसासारखं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बघा आता."

खऱ्या घड्याळाच्या जोडीला एक दुसरं, लहानसं घड्याळ आलं होतं. त्यात लेकीची वेळ.

"नुसतं बघायचं. बिलांना ह्याचा पत्ता लागणार नाही."

काकांना भरून आलं. आणि भरून आलं की त्यांना थट्टा सुचायची.

"मॅडम, एवढं सगळं येतं तुम्हाला, तर माणसाला एकटं वाटू नये अशी एखादी सेटिंग नाही का हो?"

बाई म्हणाल्या, "असती तर आधी माझ्या मशीनवर केली असती."