चिठ्ठी माझ्या खिशात होती

त्या दिवशी वहिनीची चिठ्ठी हरवली नव्हती. मीच ती तिच्या पिशवीतून काढून घेतली होती. हे बायकोलाही ठाऊक नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून ती आमच्यातच असते. जुन्या टीबीनं तिच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी निकामी झाल्या, म्हणून रोज गोळ्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच लिहून दिली होती: उलट्या होऊन चक्कर आली, तर आधी शिरेतून हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या, तपासण्या नंतर.

लोहाऱ्यात आमच्या घरी मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. वहिनीची पिशवी बैठकीतल्या खुंटीला. चिठ्ठी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मी सकाळीच खिशात घातली. वहिनीचा आजार माझ्या मुलीत येणार कुठून? रक्ताचं नातंसुद्धा न्हाय. पण सोयरिकीत 'घरात दुखणं आहे' एवढं पुरतं.

नेमका त्याच दिवशी वहिनीला ताप. गोळी पोटात ठरेना. "पाहुणे जाऊ द्या, मग बघू," ती म्हणाली. मला तेच पाहिजे होतं.

परसातून उलटीचा आवाज आला तसे मुलाचे मामा म्हणाले, "आमाला बघून उलट्या व्हायल्यात का काय बाईला?"

सगळे हसले. मीही हसलो. "पित्त हाय," म्हणालो.

तासाभरानं ती हलवूनही उठेना. मामांनीच जीप काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "जुना आजार? रोजच्या गोळ्या?" मामा शेजारीच उभे.

"काही न्हाय."

सलाईन लागलं. बीपी वर येईना. तिचे हातपाय गार पडत चालले होते आणि मी मामा चहाला कधी जातात याची वाट बघत होतो.

ते गेले तेव्हा चिठ्ठी काढली.

"इतका वेळ कुठं होती ही?"

"आत्ता सापडली."

इंजेक्शन शिरेत गेलं. बऱ्याच वेळानं वहिनीनं डोळे उघडले. "भावजी, पाहुणे जेवले का?"

सोयरीक जमली. लग्नात वहिनी मामांनाच सांगत होती, "भावजींनी चिठ्ठी हुडकली म्हणून मी हाय." मी पंगतीत वाढायला निघून गेलो.

अजून ती येईल त्याला हेच सांगते, आणि मी ऐकून घेतो. तिच्यासमोर बसून, "वहिनी, तुम्ही मरत होता आणि मी गप्प उभा होतो," एवढं बोलणं मी तिला देणं लागतो.