हळदीतले पाच स्टार

"म्याडम, आमचं घर न्हाई दिसत."

सोमवारी सकाळी सुनंदाताईंचा फोन आला तेव्हा मी तळेगावात गॅसवाल्याशी वाद घालत होते. मला आधी दरडच आठवली. त्यांचं बेडसे गाव डोंगराच्या पायथ्याला, आणि आठवडाभर पाऊस झोडपत होता.

"दिसत नाही म्हणजे?"

"मोबाईलवर न्हाई दिसत. कामशेतवरनं एक पार्टी निगाली हुती. ते म्हनले, मॅपवर तुमचं नावच येईना. बंद केलं का?"

म्हणजे घर जागेवर होतं. मॅपवरून गेलं होतं. मला हायसं वाटलं आणि पाठोपाठ डोकं दुखायला लागलं.

मी छोट्या व्यावसायिकांची ऑनलाइन मार्केटिंगची कामं करते. आधी पुण्यात एका जाहिरात कंपनीत होते, आता स्वतःचंच आहे. लोणावळ्यातलं एखादं दुकान, कामशेतचा एखादा दवाखाना, धरणाकाठचे तंबूवाले, असे माझे क्लायंट. प्रत्येकाला वाटतं की मी एक बटण दाबते आणि गिऱ्हाईक येतं. ते बटण मीसुद्धा पंधरा-वीस वर्षं शोधते आहे.

सुनंदाताईंचं काम त्यातल्या त्यात सोपं होतं. लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचं घर. दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि स्वतः रांधून वाढतात. इंद्रायणीचा भात, पिठलं, भाकरी, सांगितलं तर कोंबडी. मी त्यांची मॅपवर लिस्टिंग केली होती. लिस्टिंग म्हणजे मॅपवर तुमच्या धंद्याचं नाव, फोन नंबर, फोटो आणि खाली लोकांनी दिलेले स्टार आणि लिहिलेले रिव्ह्यू. ट्रेकला येणारी पोरं आधी तेच बघतात. एकेक करत चांगले रिव्ह्यू जमले होते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारवर ताईंचं वर्ष चालायचं, आणि ते शनिवार-रविवार या लिस्टिंगवर चालायचे.

मी लॉगिन केलं. लाल पट्टी. लिस्टिंग सस्पेंड. कारण: संशयास्पद रिव्ह्यू.

"ताई, हे रिव्ह्यू कुणी टाकले? एकाच संध्याकाळी ढीगभर आलेत."

"थांबा, ह्यास्नी देते," ताई म्हणाल्या. मग फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला आणि नामदेवभाऊ बोलले. ताईंचे यजमान. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत, शिफ्टची ड्युटी. कंपनी सोडून घरचाच धंदा वाढवायचा, हे त्यांचं स्वप्न.

"म्याडम, ते मीच केलतं. पुतण्याची हळद हुती."

पुढचं मला विचारावंच लागलं नाही. आमच्या मावळातल्या हळदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कळेल. नवरदेवाला हळद लागते ती एका कोपऱ्यात. खरा कार्यक्रम माइकवर चालतो. अमुक गावचे माजी सरपंच आले, त्यांचं स्वागत. तमुक मंडळाचे अध्यक्ष आले, त्यांचं स्वागत. भाऊबंदातल्या कुठल्याही कार्याचा माइक नामदेवभाऊंकडे असतो. त्यांनी दोन स्वागतांच्या मध्ये जाहीर केलं, की आपल्या घरचा धंदा आहे, सर्व पाव्हण्यांनी जेवायला बसण्याआधी मोबाईल काढा आणि पाच स्टार द्या. ज्यांना जमत नाही त्यांना पोरं मदत करतील.

पाव्हण्यांनी दिले. माइकवरून सांगितल्यावर कोण नाही म्हणतो?

मी ते रिव्ह्यू वाचले. "एक नंबर." "एकच नंबर." "नाद खुळा." एकाने लिहिलं होतं, "नवरदेवास हार्दिक शुभेच्छा." एकाने हळदीच्या मांडवाचा फोटो टाकला होता. आणि एका प्रामाणिक माणसाने लिहिलं होतं, "जेवण छान, डाळ जरा खारट." ती डाळ हळदीतली. ताईंनी केलेलीही नव्हती.

आता हे मॅपवाल्यांच्या कम्प्युटरला कसं दिसतं, ते सांगते. तासाभरात, एकाच जागेवरून, आयुष्यात कधी रिव्ह्यू न लिहिलेली माणसं एकाच घराला पाच स्टार देतात. पैसे देऊन खोटे रिव्ह्यू घेणारेही अगदी असंच करतात. कम्प्युटरला भावकी कळत नाही. त्याने लिस्टिंग बंद केली.

"पण आमची मानसं खोटी हायत व्हय?" भाऊ चिडून म्हणाले.

"माणसं खरी आहेत, भाऊ. पण ती तुमच्याकडे पैसे देऊन राहिलेली नाहीत."

"घरातल्यांकडनं पैशे घेऊ का मी?"

 मी म्हणाले, अपील करू.

अपील म्हणजे मॅपवाल्यांना पुरावे पाठवायचे, की हे घर आहे, धंदा खरा आहे, आणि तो आमचाच आहे. मी लाईट बिल मागितलं. ते भाऊंच्या वडिलांच्या नावावर. वडील वारून कैक वर्षं झालेली. अपील केलं आणि तीन आठवड्यांनी ठरावीक छापाचं उत्तर आलं: पुरावा अपुरा. कुणी माणसाने ते वाचलं असेल असं मला वाटत नाही.

त्याच आठवड्यात ऑपरेटर आला. ऑपरेटर म्हणजे लोकांच्या जागा भाड्याने घेऊन त्यावर रिसॉर्ट चालवणारा. लोणावळ्याला आमची एक नेटवर्किंग मीटिंग असते. सकाळी सकाळी उपमा खायचा, एकमेकांना व्हिजिटिंग कार्ड द्यायची आणि एकमेकांचा धंदा वाढवायची शपथ घ्यायची. तिथे तो भेटायचा. अत्यंत गोड माणूस, मला न चुकता 'ताई' म्हणायचा. सुनंदाताईंच्या घरावर त्याचा आधीपासून डोळा होता. बोलणी अशी होती की घर लीजवर द्यायचं, दर महिन्याला ठरलेलं भाडं, बोर्ड त्याच्या कंपनीचा, आणि ताईंनी तिथेच स्वयंपाक करायचा, पगारावर.

मी अपिलाच्या कामाला बेडशाला गेले तेव्हा तो ओट्यावर बसून चहा पीत होता.

"लिस्टिंग होती तोवर तुमचं नाव होतं," तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "आता काय, दोन खोल्या आहेत. रविवारपर्यंत सांगा. सीझन संपल्यावर मलाही परवडणार नाही."

तो गेल्यावर भाऊ म्हणाले, "देऊन टाकू. माज्यामुळं झालंय. निदान ठरल्यालं तरी येईल हातात."

ताई भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत. "माज्या घरात मी कामाला जाऊ? सकाळी कुटनं निगू आन् कुटं पोचू?"

भाऊ उठून अंगणात गेले. मलाही तिथे बसवेना. हे असे प्रश्न माझ्या कामात धरलेले नसतात, आणि प्रत्येक वेळी तेच समोर येतात.

आता एकच मार्ग उरला होता, मॅपवाल्यांना व्हिडिओ पाठवायचा. न थांबता एका दमात शूटिंग करायचं. रस्ता दिसला पाहिजे, गावाचा फलक दिसला पाहिजे, घराचा बोर्ड दिसला पाहिजे आणि शेवटी मालकाने स्वतःच्या किल्लीने कुलूप उघडून आत गेलं पाहिजे. किल्ली हाच मालकीचा पुरावा.

"किल्ली कुठाय, ताई?"

"कशाची?"

"घराच्या कुलपाची."

"कुलूप न्हाई." त्यांना माझंच नवल वाटलं. "घरात कुनी ना कुनी असतंय की. कुलूप कशाला लावायचं?"

दार ओढून घ्यायचं आणि शेजारणीला हाक मारून जायचं, ही त्यांची पद्धत. भाऊ मोटारसायकल काढून कामशेतला गेले आणि कुलूप घेऊन आले. दाराला कोयंडाही नव्हता, म्हणून परत गेले. सुताराने तो बसवला. स्वतःच्याच घराला बाहेरून कुलूप लावताना ताईंचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं आपण काहीतरी अशुभ करायला लावतोय.

पहिल्या शूटिंगला गावाच्या फलकापाशी एक मावशी भेटल्या. "काय गं सुनंदे, शिरेलमदी निगालीस व्हय?" ताईंनी थांबून सविस्तर उत्तर दिलं. व्हिडिओ वाया. दुसऱ्या वेळी भाऊंना राहवलं नाही. "तर मंडळी, हे आमचं गाव बेडसे," असं मागून सुरू झालं. मी हात जोडले. तिसऱ्या वेळी पाऊस लागला. चौथ्या वेळी जमलं, पण गावातून अपलोड होईना. रेंज एक काडी यायची आणि जायची. मी फोन घेऊन कामशेतला आले, स्टेशनजवळ गाडी उभी केली आणि टक्के सरकताना बघत बसले. या कामाचं बिल काय लावायचं, हा विचार मी सोडून दिला होता.

शुक्रवारी लिस्टिंग परत आली. मी सांगायला बेडशाला गेले. ताईंना खूप आनंद झाला आणि मला पुढचं वाक्य बोलायचं जिवावर आलं.

"ताई, नाव आलंय. पण रिव्ह्यू गेले."

"हळदीतले ना? जाऊ द्या."

"सगळे. खरेसुद्धा."

इतक्या वर्षांत येऊन जेवून गेलेल्या माणसांनी लिहिलेलं सगळं पुसलं गेलं होतं. कम्प्युटरने सुक्याबरोबर ओलंही जाळलं. नावाखाली शून्य. शून्याकडे कुणी वळत नाही, हे मला माहीत होतं आणि ऑपरेटरलाही.

मी म्हणाले, तुमच्या फोनमध्ये जुन्या पाहुण्यांचे नंबर असतील. त्यांना मेसेज करू, की आम्हाला पुन्हा रिव्ह्यू द्या. हे नियमात बसतं, कारण ती खरंच राहून गेलेली माणसं आहेत.

"मी न्हाई सांगनार."

"का?"

"जेवून गेलेल्या मानसाला म्हनायचं, माजं जेवान चांगलं हुतं म्हनून लिव्हा? लाज न्हाई वाटत?"

मी पाऊण तास समजावलं. धंदा आहे, सगळे करतात, शहरात हॉटेलवाले टेबलावर पाटी ठेवतात. ताई ऐकत होत्या आणि ढिम्म हलत नव्हत्या. खरं सांगते, मी वैतागले. नवरा माइकवरून स्टार मागतो आणि बायको मेसेजवरूनही मागत नाही, अशा घराचं मार्केटिंग कुणी करायचं? मी म्हणाले, "मग रविवारी सही करा. माझ्याच्यानं आता काही होत नाही."

बोलले आणि वाईट वाटलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि आपला फोन माझ्यापुढे केला.

"घर हाय, हे सांगते," त्या म्हणाल्या. "मागनार न्हाई. नुस्तं सांगते."

मेसेज त्यांनी सांगितला आणि मी टाइप केला: "मॅपवर आमचं घर दिसत नव्हतं. लोकांना वाटलं बंद झालं. बंद नाही. आम्ही इथंच आहोत. सुनंदा, बेडसे." खाली मी लिस्टिंगची लिंक टाकली. त्यांच्या फोनमध्ये माणसांची नावं नव्हती, खुणा होत्या. 'चष्मेवाला ट्रेक', 'जुळ्या पोरींची आई', 'भाकरी शिकलेली'. सगळ्यांना पाठवला.

शनिवारी दोन पार्ट्या आल्या. गर्दी म्हणावी अशी नाही, पण चूल दुपारपर्यंत पेटती राहिली. रविवारी सकाळी पहिला रिव्ह्यू पडला. मी घाईघाईने उघडला. चष्मेवाल्याचा होता. तीन स्टार. "जेवण अप्रतिम, माणसं घरची. पण मागच्या खोलीच्या बाथरूमला आतून कडी नाही. मागच्या वर्षीही सांगितलं होतं."

शून्यावर पहिलाच रिव्ह्यू आणि तोही तीन स्टारांचा. मी कपाळाला हात लावला आणि बेडशाला निघाले, कारण ऑपरेटर तिथे येणार होता.

मी पोचले तेव्हा तो ओट्यावरच होता आणि हातात मोबाईल होता. त्याने रिव्ह्यू आधीच वाचला होता.

"सुरुवातच तीनने झाली, मावशी," तो म्हणाला. आवाजात खरंच सहानुभूती होती. "आता हे वर काढायला वर्षं जातील. माझ्याकडे टीम आहे."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, ह्यो काढता येतो?"

"नाही."

"खोटा बी न्हाई म्हना. सांगितलं हुतं त्यानं." त्या आत वळून ओरडल्या, "अवो, त्या सुताराला बोलवा. कडी लावायचीय." मग ऑपरेटरकडे वळल्या. "तुमी जेवूनच जावा. पन घर न्हाई द्यायचं."

"भाऊ?" ऑपरेटरने आत बघून विचारलं.

भाऊ दारात आले. त्यांची सेकंड शिफ्ट होती, कंपनीचा शर्ट घालून तयार होते. "तिनं सांगितलं न्हवं," ते म्हणाले आणि सुताराकडे गेले.

ऑपरेटर जेवला. दुसऱ्यांदा भातही घेतला. पैसे देऊ लागला, ते ताईंनी नेहमीच्या दराने मोजून घेतले.

सीझन निम्मा हातचा गेला होता. तो काही परत आला नाही. भाऊ अजून कंपनीतच जातात. रिव्ह्यू हळूहळू येतात, कधी चार स्टार, कधी पाच. मी माझ्या क्लायंटना आता एकच गोष्ट दोनदा सांगते, की नातेवाइकांना स्टार मागू नका. ते मान डोलावतात. कुणाच्या तरी घरी लग्न निघतंच, आणि मला सोमवारी फोन येतो.

वाईट रिव्ह्यूला उत्तर कसं द्यावं, हे मी शिकवते. आधी आभार मानायचे, मग दिलगिरी, मग आश्वासन, शेवटी पुन्हा यायचं निमंत्रण. त्या रविवारी घरी येऊन मी चष्मेवाल्यासाठी असं सात ओळींचं उत्तर नीट लिहून काढलं आणि टाकायला लिस्टिंग उघडली. ताईंनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं होतं.

"कडी लावली. या."

चष्मेवाल्याच्या तीन स्टारांचे पाच काही झाले नाहीत. पुढच्या शनिवारी तो आठ जणांना घेऊन आला.